लहरी कोणाच्या मालकीच्या?

हवेतील लहरी ही सरकारची खाजगी मिळकत नाही. ती सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा वापर जनहितासाठीच झाला पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. वाद निघाला होता क्रिकेटच्या सामन्यांच्या चित्रप्रसारणावरून; निकाल मात्र लोकशाहीच्या मुळाशी जाऊन भिडला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या निकालपत्रांतील विवेचनाचा मथितार्थ असा, की प्रसारणावर सरकारची मक्तेदारी जितकी घातक, तितकीच धनिकांची मक्तेदारीही घातक आहे. या निकालाला तीस वर्षे उलटून गेली. या काळात लहरींचे लिलाव झाले. २०१५ सालच्या एका लिलावातच खाजगी एफएम वाहिन्यांकडून सरकारने हजार कोटींहून अधिक रुपये मिळवले. शहरांतून गाणी आणि जाहिराती चोवीस तास वाहू लागल्या. पण ज्यांच्या मालकीच्या म्हणून या लहरी न्यायालयाने जाहीर केल्या, त्या मालकांपैकी किती जणांच्या तोंडापर्यंत ध्वनिक्षेपक पोहोचला? कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील ठाकुरवाड्यांच्या बाजूने हा प्रश्न विचारला, की सार्वजनिक मालकी या शब्दाचा पोकळपणा लक्षात येतो.

समाजवादी चळवळीला रेडिओचे महत्त्व कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. डॉ. राममनोहर लोहिया त्याच्या पाठीशी होते. पोलिसांना चुकवत, जागा बदलत हे केंद्र नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिले. आष्टी-चिमूरचे अत्याचार आणि जमशेदपूरचा संप यांची वार्ता सरकारी रेडिओने दडपली आणि या चोरट्या केंद्राने ती लोकांपर्यंत पोहोचवली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले; उषाबेनना चार वर्षांची सजा झाली.

त्याच महिन्यांत कर्जतच्या परिसरात माथेरानचे भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. शेतकरी आणि आदिवासी यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी धान्यबँक चालवणारा हा वकील २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर हिराजी पाटलांसह धारातीर्थी पडला. मुंबईत लहरी काबीज करणारे आणि कर्जतला विजेचे मनोरे पाडणारे एकाच लढ्याचे सैनिक होते. स्वातंत्र्यानंतर मनोरे पुन्हा उभे राहिले, हे योग्यच झाले. लहरी मात्र परक्या सरकारच्या हातातून स्वकीय सरकारच्या हातात गेल्या आणि तेथेच राहिल्या. ज्या १८८५ च्या तार कायद्याने परकीय सत्तेने हा एकाधिकार निर्माण केला, तो कायदा स्वतंत्र भारताने पाऊणशे वर्षे जपून वापरला. २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला खरा. पण आधी परवानगी आणि मग वाणी हे तत्त्व त्यातही कायम आहे.

सरकारी मक्तेदारीचे परिणाम आणीबाणीत सर्वांनी पाहिले. त्या काळात आकाशवाणीला लोकांनी ‘ऑल इंदिरा रेडिओ’ हे नाव दिले ते उगीच नव्हे. जनता सरकारने नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ साली ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली संमत झाला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. एवढ्या विलंबाने आलेली ही स्वायत्तता कितपत खरी ठरली, ते बातम्या ऐकणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

तथापि आकाशवाणीला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ‘कामगारसभा’, ‘वनिता मंडळ’ यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी श्रोत्यांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. त्याहून महत्त्वाचा, आणि आज विस्मृतीत गेलेला, एक प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. १९५६ साली पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी रेडिओ मंडळे स्थापन झाली. ठरलेल्या दिवशी गावकरी एकत्र बसत, पुणे केंद्राचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राला लिहून कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि त्याचे फलित उत्साहवर्धक असल्याचे नोंदवले. शेतकरी केवळ ऐकून थांबला नाही. संधी मिळताच तो बोलला. तरीही पुढे ही मंडळे देशभर नेण्याची घोषणा झाली, तेव्हा संच वाटण्यावर भर राहिला आणि उत्तर ऐकण्याची यंत्रणा आटत गेली. खेडुताला कान आहेत हे राज्यकर्त्यांनी मान्य केले, त्याला तोंडही आहे हे मान्य करणे त्यांना जड गेले.

आजच्या सामुदायिक रेडिओची कल्पना नेमकी येथून पुढे जाते. ज्यांनी ऐकायचे त्यांनीच बोलायचे, कार्यक्रम त्यांनीच ठरवायचे आणि केंद्राची मालकीही त्यांचीच असायची, हा तिचा गाभा. १९९५ च्या निकालानंतर सरकारने आधी २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि नंतर २००६ साली स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे काढण्याची मुभा दिली. २०२४ पर्यंत देशातील केंद्रांची संख्या पाचशेच्या आसपास पोहोचली. सहा लाखांवर खेड्यांच्या देशात हा आकडा किती तोकडा आहे हे सांगणे नलगे. त्यातही बराच मोठा वाटा महाविद्यालये आणि विद्यापीठांचा आहे.

तरी झालेले काम नजरेआड करता येणार नाही. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे माणदेशी संस्थेची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळ येथे ‘येरळावाणी’ आहे. सर्वांत बोलके उदाहरण मात्र शेजारच्या तेलंगणातले. जहीराबादजवळ माचनूर या खेड्यात दलित शेतकरी स्त्रियांच्या संघांनी आपले केंद्र नव्वदच्या दशकातच बांधून ठेवले होते. परवाना नव्हता, म्हणून त्या वर्षानुवर्षे ध्वनिफिती भरीत राहिल्या आणि गावोगावच्या संघांच्या बैठकींत त्या वाजवीत राहिल्या. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम् रेडिओ’ हवेत गेला. उद्‌घाटन न्यायमूर्ती सावंत यांच्या हस्ते झाले. लहरी जनतेच्या आहेत हे ज्यांनी लिहिले, त्यांनाच त्या जनतेच्या हाती जाताना पाहता आल्या. पण मधली तेरा वर्षे कोणी आणि का दवडली, याचा जाब कोणीही दिलेला नाही.

आता ठाकुरवाडीकडे वळू. पश्चिमेस माथेरानचा डोंगर आणि पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग यांच्या मधल्या खोऱ्यांत ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या विखुरल्या आहेत. हे खोरे मुंबईला शंभर वर्षांहून अधिक काळ देत आले आहे. खोपोली आणि भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रांनी मुंबईच्या गिरण्या चालवल्या. खालापूरचे मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते. येथल्या मजुरांनी भाजलेल्या विटांनी नगरे उभी राहिली आणि येथल्या वरकस जमिनींवर शहरी धनिकांची विश्रांतिगृहे उठली. या देवघेवीत खोऱ्याच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मांडलेला नाही. वीज, पाणी, श्रम आणि जमीन वर जाते. खाली येतात त्या जाहिराती. माहितीचा व्यापारही याच विषम अटींवर चालतो.

या विषमतेची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांच्या त्या वाडीत अवघी ४८ कुटुंबे होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीला रस्ता नव्हता. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत वाडीचे नाव नव्हते. याच रायगड जिल्ह्यात दोनच वर्षांपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, महाडच्या तळिये गावाने ऐंशीहून अधिक माणसे गमावली होती. तरीही यादी अपुरीच राहिली.

रेडिओ असता तर दरड थांबली असती, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. डोंगर रेडिओ ऐकत नाही. प्रश्न वेगळा आहे. डोंगराला पडलेली भेग, नव्याने फुटलेला झरा, वाकलेली झाडे, गढूळलेले पाणी या गोष्टी प्रथम दिसतात त्या वाडीतल्या माणसाला, गुराख्याला, मोळी आणणाऱ्या बाईला. ते ज्ञान तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचवण्याचा राजमार्ग आज कोणता? ग्रामपंचायत, तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी ही शिडी चढताना अर्ज थकतो. वाडीतल्या माणसांनी भर पावसाळ्यात रोज संध्याकाळी आपापल्या डोंगराची हालहवाल जाहीरपणे सांगितली असती, ती चाळीस वाड्यांनी आणि तहसीलदारानेही ऐकली असती, तर यादीबाहेर राहणे इतके सोपे झाले नसते. यादीत नाव येण्यासाठीही आवाज लागतो, हा इर्शाळवाडीचा कडू धडा आहे.

याला आणखी एक कारण आहे. रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने पालघर किंवा गडचिरोलीच्या ग्रामसभांना जे अधिकार दिले, ते कर्जतच्या ठाकुरवाडीला नाहीत. वाडी महसुली गावाच्या पोटात, गाव गटग्रामपंचायतीच्या पोटात. आणि मतांच्या गणितात आदिवासी सदैव उणे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे कोठे अडले, कशासाठी फेटाळले, अपिलाची मुदत किती, हे वाडीला तिच्याच बोलीत सांगणारे कोणी नसते. ज्यांना कायद्याने तोंड दिले नाही, त्यांना निदान लहरींनी तरी द्यावे.

आणि वाडीपाशी सांगण्यासारखे फक्त दुःखच आहे, असेही कोणी समजू नये. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतील ठाकरांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. या समाजाच्या रूढी, सण, गाणी यांची श्रीमंती विद्वानांना तेव्हापासून ठाऊक आहे. कांबडनाच, ढोलाच्या तालावरचे नाच, गौरीची आणि लग्नातली गाणी ही जिवंत संपदा आहे. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते कार्य अजोड आहे. पण संग्रहात गेलेले गाणे अभ्यासकाचे होते. संध्याकाळी रेडिओवरून घरी परतलेले गाणे गाणारणीचे राहते. नातीने आजीचा आवाज पेटीतून ऐकला, की ते गाणे मागास नाही हे तिला कोणी पटवून द्यावे लागत नाही. येथे व्यवहारही आदर्शाला अनुकूल आहे. सिनेमातली गाणी वाजवायची तर हक्काचे पैसे मोजावे लागतात. वाडीतले गाणे वाजवायला एक ध्वनिमुद्रक पुरतो. मात्र ते गाणे पुढे कोणा कंपनीने उचलू नये, त्यावर गाणाऱ्याचा व वाडीचा हक्क राहावा, ही दक्षता पहिल्या दिवसापासून घेतली पाहिजे.

परवान्याच्या अटी पाहिल्या, की सरकारला या वाणीचे किती भय आहे ते उमगते. प्रक्षेपकाची शक्ती सामान्यतः १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटर, ही मर्यादा समजू शकते. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्याला ती पुरेशीही आहे. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करण्यास बंदी आहे. पुढे मेहेरबानी झाली ती एवढीच, की आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. म्हणजे उद्या पाणी येणार नाही, ही प्रशासनाची सूचना वाचून दाखवता येईल. पण धरण उशाशी असताना ते का येत नाही असे विचारले, की ती बातमी ठरेल, ते राजकारण ठरेल! त्याच देशात शेकडो खाजगी दूरचित्रवाहिन्या अहोरात्र बातम्या देतात आणि बातम्यांच्या नावाखाली वाटेल ते देतात. वृत्तपत्र काढायला सरकारची पूर्वसंमती लागत नाही. मग बंदी नेमकी गरिबाच्या माध्यमावरच का? ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. सरकारी बाजूने सुरक्षिततेचा बागुलबुवा पुढे करण्यात आला.

या आक्षेपाचा विचार गांभीर्याने व्हावा, कारण रेडिओ घातक ठरू शकतो हे खरेच आहे. १९९४ साली रुआंडात एका रेडिओ केंद्राने वंशसंहाराला चिथावणी दिली. नावे घेऊन माणसे मारायला सांगितली. परंतु ते केंद्र खेडुतांनी चालवलेले नव्हते. सत्तेच्या निकट असलेल्या मंडळींचे ते अपत्य होते. उलट बाजूस बोलिव्हियाच्या कथिलाच्या खाणींतील कामगारांनी आपल्या वेतनातून वर्गणी काढून स्वतःची रेडिओ केंद्रे दशकानुदशके चालवली. १९८० साली लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा सैनिक दाराशी येईपर्यंत ती केंद्रे सत्य सांगत राहिली. द्वेष पसरवणाऱ्याला शिक्षा करण्यासाठी कायदे आहेत; प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन केंद्रांवर आहेच. गुन्हा घडण्यापूर्वीच सर्वांची तोंडे बांधणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो, की हातोहाती मोबाईल आल्यावर रेडिओ हवा कशाला? तरुण मुले आज मोबाईलवरच ऐकतात हे मान्य केले पाहिजे, आणि केंद्राने आपले कार्यक्रम त्या वाटेनेही पाठवावेत. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने साध्या फोनवरून गोंडी भाषकांना बोलते करून दाखवले. पण मोबाईलवरील व्यासपीठांचे मालक सातासमुद्रापार आहेत. कोणाचा आवाज कोठवर जाईल हे ते ठरवतात. डोंगराच्या आड त्याचे जाळे पोहोचत नाही आणि मुसळधार पावसात वीज गेली की मनोरा मुका होतो. दोन सेलवर चालणारा संच तेव्हाही बोलतो, अट एवढीच की केंद्राने आपल्या विजेची स्वतंत्र तजवीज केलेली असावी. शिवाय मोबाईल प्रत्येकाला एकेकटे करतो. रेडिओभोवती ओटी भरते. संघटनेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तो खरा अवघड आहे. २०१२ साली सरकारने लहरींच्या वापराचे वार्षिक शुल्क १९,७०० वरून ९१,००० रुपयांवर नेले होते. केंद्रांनी एकजुटीने विरोध केला तेव्हा ते मागे घ्यावे लागले. २०२४ च्या धोरणानुसार तासाला १२ मिनिटे जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये आहे. कागदावर हे तासाला ५,३२८ रुपये होतात. प्रत्यक्षात ठाकुरवाडीत जाहिरात देणार कोण? दुकानदाराचे गिऱ्हाईक कंगाल आणि सरकारची बिले रेंगाळलेली. जाहिरातीवर जगणारे केंद्र अखेर जाहिरातदाराचे होते, हे वृत्तपत्रांनी पुरेसे सिद्ध केले आहे. देणगीवर जगणारे केंद्र देणगीदाराचे होते. म्हणून पाया वर्गणीचाच हवा. चाळीस वाड्यांतून प्रत्येकी पन्नास घरांनी महिन्याला दहा रुपये दिले, तर वीस हजार जमतात. एवढ्यात सारा खर्च भागणार नाही. परंतु मालक कोण याचा निकाल लागतो. उरलेल्या खर्चासाठी खाजगी एफएमच्या लिलावातून आलेल्या पैशाचा ठरावीक हिस्सा एका स्वायत्त निधीत घालावा आणि तो निधी सरकारी मर्जीवर न सोडता नियमाने वाटावा. सार्वजनिक संपत्ती विकून आलेल्या पैशावर पहिला हक्क तिच्या मालकांचा असतो.

मागण्या स्पष्ट आहेत. सामुदायिक केंद्रांवरील बातम्यांची आणि राजकीय चर्चेची बंदी उठली पाहिजे; निदान आपल्या क्षेत्रातील घडामोडी सांगण्याचा अधिकार ताबडतोब मिळाला पाहिजे. परवान्याच्या अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत लागला पाहिजे. दरड आणि पूर यांचा धोका असलेल्या डोंगरी तालुक्यांत अशा केंद्रांना अग्रक्रम आणि शुल्कमाफी मिळाली पाहिजे.

शेवटी एक गोष्ट कार्यकर्त्यांना बजावून सांगणे अगत्याचे आहे. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी संलग्न कामगार, विद्यार्थी व स्त्री संघटना यांना असा परवाना मिळत नाही. ही अट राहिली तरी बिघडणार नाही. किंबहुना ती राहावीच. बातमीवरील बंदी अन्याय्य आहे. पक्षाच्या मालकीवरील बंदी शहाणपणाची आहे. वाडीचा रेडिओ पक्षाचा झाला, की त्यावर वाडीतला विरोधक बोलणार नाही, आणि ज्या केंद्रावर विरोधक बोलत नाही ते दुसरे सरकारी केंद्रच होय. कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत बैठका घ्याव्यात, तीन वर्षे नोंदणी असलेली स्थानिक संस्था पुढे काढावी, अर्ज भरून द्यावेत, तरुण-तरुणींना यंत्र हाताळायला शिकवावे आणि मग बाजूला व्हावे. चालकमंडळात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि ठाकरांबरोबर कातकऱ्यांचाही आवाज असावा. नाही तर वाडीतली उतरंडच लहरींवर चढेल. त्या केंद्रावरून कधी पक्षावरही टीका होईल. ती ऐकण्याची तयारी नसेल, तर हे काम हाती घेऊच नये.

१९४२ साली लहरी हिसकावून घ्याव्या लागल्या. आज त्या कायद्याने मागता येतात. न्यायालयाने मालकीचा उताराही देऊन ठेवला आहे. प्रत्यक्ष ताबा तेवढा मिळवायचा राहिला आहे, आणि मालकी उताऱ्यावर असून ताबा नसणे म्हणजे काय, हे ठाकुरवाडीला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.